तळपायाचे कान

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, भिंतीच्या कडा भरल्या, खिडक्यांत माणसं चढून बसली. दारातली माणसं टाचा उंचावून आत बघत होती. समोरच्या लाकडी मंचावर पाच वर्षांची एक मुलगी अनवाणी उभी होती, तोंड लोकांकडे, पाठ ढोलाकडे. ढोल केवढा, तर ट्रकच्या चाकाएवढा, लाकडी घोडीवर चढवलेला.

पांढरा कोट घातलेला एक माणूस मुलीच्या कानामागे दोन बोटं टेकवून, डोळे मिटून उभा होता. कोटावर पितळी बिल्ला: 'शासन प्रमाणित श्रवण साहाय्यक'. खाली नोंदणी क्रमांक. पण लोक त्याला म्हणत नादसाहेब. बाबा म्हणावं तर अंगात कोट, डॉक्टर म्हणावं तर हातात ना नळी ना कागद. म्हणून मग साहेब.

"कान कधी मरत नाही, आयांनो! कान रुसतो!" नादसाहेब डोळे मिटूनच बोलू लागला. "रुसलेल्या लेकराची समजूत काढायची, की त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा? मग रुसलेल्या कानात यंत्र का कोंबता? यंत्रानं कान आळशी होतो. मी काही करत नाही. मी फक्त नस मोकळी करतो. आवाज आपल्या पायानं चालत येतो!"

त्यानं हात वर केला. मागे ढोलावर दणका पडला. आणि मुलीनं झर्रकन मान वळवली.

हॉल टाळ्यांनी दणाणला. कोणी डोळे पुसले, कोणी हात जोडले. पुढच्या रांगेत एक घड्याळदुरुस्तीवाला म्हातारा उभा राहून ओरडला, "मलाही यांनीच ऐकायला लावलं! सात वर्षांनी सुनेची बडबड ऐकली!" "मग तोटाच झाला की!" कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. मुलीची आई मंचाच्या पायरीशी बसून हुंदके देत होती.

टाळ्या न वाजवणारी एकच बाई होती. ती दाराशी उभी होती आणि मुलीच्या मानेकडे नाही, पायांकडे बघत होती. मान वळली ते सगळ्यांनी पाहिलं. त्याआधी पायाची बोटं आखडली होती, ते हिनं पाहिलं.

सरकारी दवाखान्यात या बाईला सगळे कानवाली म्हणत. गेली एकोणीस वर्षं ती एका जाड दाराच्या, बंद, कोंदट खोलीत माणसांच्या कानांवर हेडफोन चढवून, बटणं दाबून, कोणाला किती ऐकू येतं याचे आलेख काढत होती. तिच्याकडेही नादसाहेबाच्या बिल्ल्यासारखाच बिल्ला होता. तोच परवाना, तो देणारी परिषदही तीच. फरक एवढाच, की तिच्या प्रत्येक आलेखावर डॉक्टरांची सही लागे. तो कायदाच होता: साहाय्यकानं तपासणी करावी, कानातला मळ काढावा, यंत्र बसवून द्यावं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग ठरवू नये, उपचार सांगू नये.

मंचावरची मुलगी तिची भाची होती. घरात तिला चिमणी म्हणत. पायरीशी रडणारी कानवालीची सख्खी धाकटी बहीण.

"बघितलंस ना?" बाहेर अंगणात आल्यावर धाकटी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "तुझ्या खोलीत दहा वेळा बसवलंस तिला. एकदा तरी वळली?"

"यंत्रं कुठे आहेत तिची?"

"कपाटात. चार महिने झाले."

"चार महिने!" कानवालीचा आवाज चढला. "अगं, 'पाणी' म्हणायला लागली होती. 'आई' म्हणायला लागली होती. आता म्हणते?"

चिमणी दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती.

"घरी वळते का ती आवाजाला?"

"कधी वळते, कधी नाही. माडीवर असली की वळते, खाली नाही. साहेब म्हणतात, कान अजून अर्धा झोपेत आहे."

माडीवर लाकडी फळ्यांची जमीन होती आणि खाली फरशी. कानवालीनं ओठ आवळले. मग तिला दुसरंच काही आठवलं.

"ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली म्हणालीस. मोठ्या इस्पितळानं ढकलली ना?"

धाकटीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मीच नको म्हणून कळवलं," ती म्हणाली.

कानाच्या आत बसवायच्या त्या यंत्राचं ऑपरेशन सरकारी योजनेतून होत असे, पण मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत. त्या यादीत चिमणीचं नाव लागावं म्हणून कानवालीनं दोन वर्षं उंबरे झिजवले होते. पंधरा दिवसांपूर्वी चिमणीला पाचवं संपून सहावं लागलं होतं.

"तू जळतेस ताई," धाकटी एकाएकी म्हणाली. "तुझ्यानं झालं नाही ते त्यांनी केलं. सरकारचा बिल्ला त्यांनाही आहे, तुलाही आहे. मग तुझाच तेवढा खरा?"

प्रश्न रास्त होता. तो विचारायला कानवाली दुसऱ्या दिवशी रजा टाकून परिषदेच्या कचेरीत गेली.

वैद्यकीय साहाय्यक नोंदणी परिषद म्हणजे जिन्याखालून जायची वाट, तीन टेबलं आणि छतापर्यंत गठ्ठे. कारकुनानं चष्मा पुसून नोंदवही उघडली.

"प्रमाणपत्र खरं आहे, बाई. वैध आहे. दरवर्षी नूतनीकरण झालंय."

"तो मंचावर ढोल वाजवून बहिरेपणा बरा करतो."

"असेल. आम्ही कागद बघतो. ढोल आमच्या कक्षेत येत नाही."

"कोणी जाऊन पाहिलं नाही?"

"पाहणीचं पद रिक्त आहे."

"किती दिवस?"

"मी आलो तेव्हापासून." त्याच्या कपाळावरचे केस पांढरे झाले होते.

"याआधी तक्रारी आल्यात?"

त्यानं एक फाइल सरकवली. सात तक्रारी होत्या. एक एका बापाची होती, वहीच्या फाटक्या पानावर, पेन्सिलीनं लिहिलेली. सातहींवर एकच शेरा, एकाच शाईत: 'प्रमाणपत्र तपासले. वैध आहे. निकाली.'

"आणि देखरेख करणारे डॉक्टर? त्याशिवाय नूतनीकरण होत नाही. माझं तरी होत नाही."

"आहेत की. सही आहे. यंदाचीही आहे. ही बघा." कारकुनानं बोट ठेवलं.

कानवालीनं नाव वाचलं आणि मागच्या भिंतीला टेकली. ते तिचे थोरले डॉक्टर होते. तिला हे काम शिकवणारे. चुकीचा आलेख फाडून टाकून 'पुन्हा काढ' म्हणणारे. नादसाहेबही कधीकाळी वर्षभर त्यांच्याच हाताखाली होता. पेशंटला परस्पर औषध सांगितलं म्हणून त्यांनी त्याला हाकललं होतं.

"हे डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी मी त्यांच्या उशाशी होते."

कारकुनानं वही जवळ ओढली. सही पाहिली, तारीख पाहिली.

"तसं कोणी कळवलेलं नाही," तो म्हणाला.

कानवालीला हसू आलं, पण ते कडू होतं. बहिऱ्याला ऐकू येणं हा कसला चमत्कार! मेलेला माणूस दरवर्षी वेळेवर सही करतो, आणि ती सरकारी वहीत चढते!

पुढच्या रविवारी हॉल पुन्हा भरला. या वेळी धाकटी स्वतःहून चिमणीला घेऊन आली होती. "विचार तुला काय विचारायचंय ते, सगळ्यांसमोर," ती बहिणीला म्हणाली होती. "एकदाचं तुझं तोंड तरी बंद होईल."

चिमणीला मंचावर चढवणार, एवढ्यात कानवाली पुढे आली.

"मी हिची मावशी. एक विनंती आहे. हिला मंचावर नको, खाली फरशीवर उभी करा. अंतर तेवढंच, ढोल तोच. मग वाजवा."

नादसाहेबानं तिला ओळखलं असावं. त्याचं हसू जरा आखडलं, मग पुन्हा पसरलं.

"ताई, नाद ही नाजूक गोष्ट आहे. परीक्षा घ्यायला गेलं की लहर तुटते. शंकेखोर माणूस जवळ असला तरी लहर तुटते."

"बाजूला व्हा!" "सरकारी पगार खाता, आणि वर दुसऱ्याच्या पोटावर पाय!" लोक ओरडू लागले. कोणीतरी कानवालीचा दंड धरला.

वाचवलं तिला घड्याळवाल्या म्हाताऱ्यानं. तो भाबडेपणानं उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "करून दाखवा ना साहेब! एकदा यांची जिरू द्या! आपल्याला फरशी काय आणि मंच काय!"

"हो हो, दाखवा!" हॉल म्हणाला.

भक्तांच्या पुढे कोणाचं काही चालत नाही. चिमणी फरशीवर उभी राहिली. मंच तिच्या मागे हातभरावर. ढोलाला ओढून कडेला आणलं. नादसाहेबानं कानामागे बोटं टेकवली, हात वर केला. दणका पडला.

चिमणी समोरच्या बाईच्या बांगड्या बघत होती.

"अजून एकदा," नादसाहेब म्हणाला. दुसरा दणका एवढा जोरात पडला, की खिडकीतल्या पोरांनी कान झाकले आणि पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली. कबुतरं उडाली, चिमणी हलली नाही.

"तिसऱ्यांदा मारा," कानवाली म्हणाली. तिसराही पडला. चिमणीचे डोळे बांगड्यांवरच होते.

"आता हिला वर घ्या. आणि ढोल वाजवू नका." तिनं चिमणीला स्वतः उचलून मंचावर ठेवलं, तोंड लोकांकडे. मग घड्याळवाल्याला खूण केली. "आजोबा, मागे जा. तिला दिसणार नाही असे. आणि टाचेनं फळी नुसती दाबा. आवाज करू नका."

म्हाताऱ्यानं चप्पल काढली, मागे गेला आणि टाच दाबली. फळी हलकेच लवली. लोकांना काही ऐकू आलं नाही. चिमणीच्या पायाची बोटं आखडली, आणि तिनं मान वळवून म्हाताऱ्याकडे पाहिलं. ओळखीचा खेळ असल्यासारखी हसली.

"मंच पोकळ आहे," कानवाली लोकांकडे वळून म्हणाली. "ढोलाची घोडी थेट फळ्यांवर टेकलेली आहे. दणका पडला की फळी थरथरते. म्हणून तो मुलांना अनवाणी उभं करतो. ही पोरगी ऐकत नाही. तिला पायाला कळतं. बहिरी मुलं अशीच हुशार असतात. जे हाताशी असेल त्यानं जग समजून घेतात. तुम्ही तिच्या हुशारीला टाळ्या वाजवल्यात आणि श्रेय दिलंत याला."

"पण मग मी?" म्हातारा मंचावरूनच म्हणाला. "मला तर खरंच ऐकू येतं!"

"तुमच्या कानात मळाचा खडा होता, आजोबा. त्यानं तो काढला. ते काम त्याला येतं. बिल्ला त्याच कामाचा आहे."

कोणीतरी फिसकन हसलं, पण ते हसू पुढे सरकलं नाही. हॉलमध्ये अशा चाळीस-एक आया होत्या, ज्यांच्या कपाटात यंत्रं पडून होती.

नादसाहेब तेवढ्यात कोट काढून मागच्या दारानं निघून गेला होता. धाकटी मंचाजवळ गेली. तिनं फळीवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं घोडीवर एक चापट मारली. हाताला थरथर लागली. तिनं तो हात तसाच बराच वेळ ठेवला. मग ताईकडे न बघता म्हणाली, "मी आई आहे तिची. मला कसं कळलं नाही गं?"

कानवालीनं तिला जवळ घेतलं. 'कळायला हवं होतं' हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते तिनं गिळले.

पुढचं सांगण्यात गोडी नाही, पण सांगायला हवं. कानवालीच्या तक्रारीनंतर परिषदेनं नादसाहेबाचा परवाना तीन महिन्यांसाठी स्थगित केला. खोट्या सहीबद्दल एक नोटीस काढली, ती थोरल्या डॉक्टरांच्याच नावे, त्यांच्याच पत्त्यावर: 'सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा.' पाहणीचं पद अजून रिक्तच आहे. दवाखान्याच्या रांगेत लोक कानवालीला हळूच विचारतात, "तीन महिन्यांनी येणार ना हो ते परत?"

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी चिमणीला तपासलं. वय उलटल्याचा खास अर्ज करता येईल म्हणाल्या. मंजूर झाला तर यादीत नाव शेवटी लागेल. "ऑपरेशन कदाचित होईल," त्या म्हणाल्या, "पण भाषा शिकायचे हे महिने परत आणून देणारं ऑपरेशन नाही." चिमणीच्या कानांवर जुनी यंत्रं पुन्हा चढली आहेत. पहिले दोन आठवडे ती ओढून फेकून देत होती.

धाकटी आता दर सोमवारी तपासणीच्या खोलीबाहेर बसते. नवी आई आली की तिच्याशेजारी सरकते. तिला भाषण येत नाही. जे येतं ते ती सांगते.

"बिल्ला बघून गप्प बसू नका हो. बिल्ला कशाचा आहे ते वाचा. यांच्यावर लक्ष ठेवणारा डॉक्टर कोण ते विचारा, आणि तो डॉक्टर जाऊन बघा, जिवंत आहे का. कोणी म्हणालं मूल बरं झालं, तर त्यांच्या मंचावर नाही, आपल्या फरशीवर उभं करून बघा. चिडले तर चिडू द्या. खऱ्याला दोनदा तपासलं तर काही होत नाही. मी एकदाही तपासलं नाही. मी टाळ्या वाजवल्या."