पाळलेला कागद

वकिलांनी कागद वाचला, उलटून पाहिला आणि टेबलावर ठेवला. हा चालायचा नाही, म्हणाले.

टाकेबाईंना वाटलं, एखादी सही राहिली असेल. रुग्णालयाच्या शिवणखात्यात चादरी आणि डॉक्टरांचे डगले शिवता शिवता हे नाव त्यांना चिकटलं होतं. नवे डॉक्टर तर ते आडनावच समजत. भावाची सही हवी असेल तर आणते, असं त्यांनी सांगितलं.

प्रश्न सहीचा नव्हता. वडील गेले तेव्हा टाकेबाई चोवीस वर्षांच्या होत्या. थोरल्या भावाने त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं: बहीण लग्न करणार नाही, आईचं सगळं करील, त्या बदल्यात मागची खोली तिला तहहयात. दोन महिन्यांपूर्वी आई गेली. आता दादा म्हणत होता, मुलाचं लग्न ठरलंय, खोली लागेल, तू कुठेतरी बघ. म्हणून त्या मोठ्या विश्वासाने कागद घेऊन आल्या होत्या. त्यांच्या बाजूने त्यात एक अक्षर चुकलं नव्हतं.

"लग्नच करायचं नाही, असं कुणाकडून लिहून घेणं नीतीला धरून नाही," वकील म्हणाले. "असा कागद मुळातच रद्द. याच्या जोरावर भाऊ तुम्हाला अडवू शकत नव्हता आणि तुम्हीही त्याच्याकडे खोली मागू शकत नाही."

"पण मी पाळलाय तो."

"पाळायची गरज नव्हती."

टाकेबाईंचा पारा चढला. मग अठ्ठावीस वर्षं कायदा झोपला होता का, असं त्यांनी विचारलं. कायदा घरोघर फिरत नाही, कुणीतरी विचारावं लागतं, असं वकिलांनी शांतपणे सांगितलं. वर आनंदाची बातमी द्यावी तसं म्हणाले, घर वडिलांचं आहे, भावंडं दोनच. नुसती खोली काय, अर्धं घर तुमचं. हा कागद नसता तरी होतंच. नोटीस धाडू.

त्या आणखीच वैतागल्या. जे आपलंच होतं, त्याच्यासाठी आपण काय देऊन बसलो?

जिना उतरताना त्यांना औषधांच्या खिडकीवरचा कंपाउंडर आठवला. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा त्यांनी या कागदाचं सांगितलं होतं. कुणा जाणत्याला दाखवा तरी, एवढंच तो म्हणाला होता. घरातली गोष्ट बाहेर न्यायची नसते, म्हणून त्यांनी त्यालाच झापलं होतं. तो दोन वर्षं थांबला, मग बदली मागून निघून गेला.

घरी आल्या तर मागच्या खोलीत भाच्याच्या नव्या सामानाची खोकी आलेली. टाकेबाईंनी कागदाचं काय झालं ते दादाला उभ्या उभ्या सांगितलं. कागद रद्द आहे, एवढं ऐकूनच त्याचा चेहरा सैल झाला.

"म्हणजे तू मोकळीच होतीस की," तो म्हणाला. "मी काही तुला बांधून ठेवलं नव्हतं."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी थबकली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

अठ्ठावीस वर्षांचं भांडण टाकेबाईंच्या तोंडापर्यंत आलं. पण कुठून सुरुवात करावी तेच कळेना, आणि त्याचाही त्यांना राग आला.

"अर्ध्या घराची नोटीस येईल," त्या म्हणाल्या. "कुणा जाणत्याला दाखव. माझ्यासारखं करू नकोस."

मग त्यांनी एकेक खोकं उचलून बाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं. आईच्या खाटेवरची चादर काढली, घडी घातली, स्वतःची अंथरली. इतकी वर्षं त्या खाली जमिनीवर निजत होत्या, आईने हाक मारली तर पटकन उठता यावं म्हणून. अजून चांगला उजेड होता. त्या खाटेवर आडव्या झाल्या.

बाहेर दादा वहिनीला विचारत होता, ही खोकी आता ठेवायची कुठे.