हिची सही शेवटी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी दुकानात इस्त्री करत होतो. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही या." का या, ते सांगितलं नाही, पण मला कळलं, ही गेली. हातातली पँट पुरी केली, घडी घातली आणि मग निघालो. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शिवणाचं दुकान हिचं. ही कापायची, शिवायची, मी इस्त्री करायचो. काज-बटणाला एक मावशी येतात. सुट्टीच्या दिवशी ही आधारघरात जायची. घरातून हाकललेल्या बायका तिथं राहतात, त्यांना शिवण शिकवायची. पण तिथं चार जणींना बसून शिवायला जागा नाही, हे हिला फार लागलं होतं. म्हणून दुकानामागची स्वतःच्या नावावरची खोली आणि जुन्या मशिनी आधारघराला द्यायच्या, असं हिनं मृत्युपत्रात लिहून ठेवलं.

वकीलबाईंनी ते वाचलं आणि दोन्ही साक्षीदारांना बोलावून घेतलं. मावशी आणि शेजारचे घड्याळवाले.

"तुम्ही सही केलीत तेव्हा बाईंची सही झाली होती?"

"छे हो," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे बाईंचा हात शेवटचा. काज झालं, बटण झालं, इस्त्री झाली की त्या उलटंसुलटं करून बघणार आणि मगच दुकानाच्या नावाची पट्टी लावणार. इथंही तसंच. आम्ही सह्या केल्या नि घरी गेलो. त्यांनी मागाहून सावकाश वाचून केली असणार."

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग हे टिकत नाही. त्यांची सही आधी, तुम्हा दोघांसमोर व्हायला हवी होती."

घड्याळवाले माझ्याकडे झुकून म्हणाले, "समोरच झाली म्हणू की. कोण बघायला येतंय?"

"मला ऐकू येतं," वकीलबाई म्हणाल्या.

"आणि मी नाही तसं म्हणणार," मावशी म्हणाल्या. "त्यांच्या मागे त्यांच्याच कागदावर खोटं? एक टाका वाकडा गेला तर सगळं उसवायला लावायच्या मला."

म्हणजे खोली आता निम्मी माझी, निम्मी आमच्या एकुलत्या मुलीची. माझा वाटा मी लगेच आधारघराच्या नावे लिहून दिला. पण निम्म्या खोलीचं ते काय करणार? मुलीनंही द्यायला हवा.

मुलगी रविवारी आली. बसायच्या आधीच म्हणाली, "बाबा, मशिनी खुशाल द्या. मला कुठं शिवता येतं? खोलीचं मात्र बोलू नका."

"आईची इच्छा होती."

"मग मला एकदा विचारायचं होतं तिनं. भाड्याच्या घरात आम्ही चौघं कसे राहतो, ते दिसत नव्हतं तिला?"

"तुला दागिने दिलेत की."

"दागिन्यांत राहता येतं का हो?"

ही असती तर उत्तर दिलं असतं. त्या दोघी तासभर भांडल्या असत्या आणि शेवटी काहीतरी ठरलं असतं. मी नुसता चहा ठेवला. तिनं तो निम्माच घेतला.

दारात चप्पल घालताना म्हणाली, "मी वाईट नाहीये, बाबा."

"कोण म्हणतंय तसं?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही, त्याचंच वाटतं."

सांभाळून जा, एवढंच म्हणालो.

मशिनी टेम्पोतून पाठवल्या. मी स्वतः बरोबर गेलो. आधारघरात त्या जिन्याखाली ठेवल्यात, वर चादर टाकून. एक बाई म्हणाली, "काका, सुरू कधी करायचं?" मी म्हणालो, बघू.

खोली झाडून ठेवली आहे. कागदावर माझी सही झाली आहे. मुलीची व्हायची आहे.