वाडीवार तुकडे

"सर, तुम्ही या माणसांना फसवलंत."

इंद्रायणीने सत्काराची शाल खांद्यावरून काढून टेबलावर टाकली. देवळासमोरच्या मांडवातली कुजबुज थांबली. पुण्याहून जीपने आलेले संशोधन संस्थेचे सर माइकवर हात दाबून हसले.

"हे इथं नको, इंद्रायणी."

"इथंच. रक्त इथलंच नेलंत ना?"

भीमाशंकरच्या उतारावरच्या या वाड्यांतली काही पोरं शाळेत जायच्या वयात पायातून लुळी पडायची आणि मिसरूड फुटायच्या आत संपायची. इंद्रायणीच्या सोनीकाकीचा मुलगा गेणू तसाच गेला. काकीचा भाऊही तसाच गेला होता. संस्थेची माणसं रक्त मागायला आली तेव्हा सगळ्यांनी दारं लावून घेतली. मग इंद्रायणीने आधी स्वतःचा हात सुईपुढे धरला. वाडीतली पहिली इंजिनियर पोरगी. तिच्यामागून सारे आले.

संस्थेचा वंशावळी तपासायचा प्रोग्राम साध्या कॉम्प्युटरवर रखडायचा. तो पुण्यातल्या महासंगणकावर चालेल असा करून द्यायचं काम इंद्रायणीकडे आलं. महासंगणकाची रीत इर्जिकीसारखी. कामाचे तुकडे पाडायचे आणि सगळ्यांनी एकदम शेतात उतरायचं. सर म्हणाले, एकेका प्रोसेसरला एकेक वाडी द्या. तसं दिलं. काम वाऱ्यासारखं पळालं.

पण इथल्या पोरी या वाडीतून त्या वाडीत देतात, आणि सासरी गेल्या की त्यांचं नाव बदलतं. काकीच माहेरी सरू होती, इथं येऊन सोनी झाली. मशीनला त्या दोन निराळ्या बाया वाटल्या. आई एका तुकड्यात, लेक दुसऱ्यात. नाळच तुटली. निकाल आला, की आजार आईकडून येत नाही, पोरांच्या खाण्यापिण्यात खोट आहे.

"गेल्या सालच्या दिवाळीतच मी तुम्हाला चूक दाखवली," इंद्रायणी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "लेकींना आयांशी जोडून प्रोग्राम पुन्हा चालवला. आजार आईकडूनच लेकीत उतरतो. ती धडधाकट राहते, पण तिच्या मुलाचे पाय जातात. तुम्ही म्हणालात, सिंगापूरची परिषद होऊ दे, मग दुरुस्त करू. परिषद झाली, हारतुरे झाले. दुरुस्ती कुठंय?"

"संशोधनाला वेळ लागतो. तू भावनेच्या भरात..."

"आणि तुमची माणसं इथं सांगून गेली, पोरींची लग्नं बिनघोर करा म्हणून!"

"च्यायला," मागून चिमाजी म्हातारा खाकरला. "रगत नेलं आन् आज नारळ द्याया आलं व्हय! लई उपकार झालं, पावणं!"

कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा पुसला, कागद गोळा केले आणि ते जीपकडे निघाले. इंद्रायणी त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"उत्तर दिल्याशिवाय जायचं नाही."

बायकांमधून सोनीकाकी उठली. तिच्याशेजारी तिची आरती बसली होती, बाळंतपणाला माहेरी आलेली, हातभर हिरव्या बांगड्यांत. काकीने पदर खोचला, गर्दीतून वाट काढत आली आणि इंद्रायणीचं मनगट धरून तिला बाजूला घेतलं.

"जाऊ दी त्याला."

"काकी, अगं, यानंच तर..."

"त्यो पावणा. त्याला आमी कुठं वळखत व्हतो? आमी रगत दिलं त्ये तुझ्या तोंडाकं बघून."

जीप धुरळा उडवत उताराला लागली. तिच्याकडे कुणीच पाहत नव्हतं. आरतीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

"दिवाळीत कळलं म्हणतीस," काकी हळूच म्हणाली. "आरतीचं लगीन त्येच्या म्होरच्या वैशाखात झालं. तू कंबर बांधून पंगतीत वाढत व्हतीस. म्हाताऱ्यांस्नी आग्रह करीत व्हतीस."

इंद्रायणीने मनगट सोडवायचा प्रयत्न केला नाही.

"तवा तुजं तोंड कुणी शिवलं व्हतं? बोल की."