गोड सलाईन

दैवशालानं कापसाचा ओला बोळा अक्षताच्या ओठांना टेकवला, तसा पोरीनं तो दातांत धरला आणि चोखायला लागली.

"माय, पाणी."

"देते हं बाळा. जरा दम धर."

देते म्हणाली, पण द्यायचं नव्हतं. काल जालन्याच्या दवाखान्यात आणल्यापासून तोंडानं काही द्यायला मनाई होती. उलट्या थांबल्या होत्या, श्वास मात्र अजून तसाच होता, खोल आणि घाईचा, चढण चढून आलेल्या जनावरासारखा. अकरा वर्षांची पोर. महिन्याभरात अशी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.

महजबीन सिस्टर आली. पोरीच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं, यंत्रातला आकडा पाहिला आणि गाल थोपटला.

"अक्षता, डोळे उघड. तुमच्या शेळीचं नाव काय?"

"चांदणी."

"पिल्लं किती तिला?"

"दोन. मघाशी सांगितलं ना. लई विसरता तुम्ही."

"म्हातारी झाले गं," पंचविशीतली महजबीन म्हणाली. "डोकं दुखतंय का?"

"न्हाई."

"झोपू द्या की तिला," दैवशाला हळूच म्हणाली. "सारखं उठवून राह्यल्या."

"ताई, झोप आणि गुंगी बाहेरून सारखीच दिसते. ती बोलली की मला कळतं, सगळं बराबर आहे."

दैवशालानं मान हलवली आणि पुन्हा बोळा भिजवला. काल डॉक्टरांनी विचारलं होतं, एवढी तहान लागायची तर पोर प्यायची काय? ती म्हणाली होती, पाणी. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला होता.

कुंभार पिंपळगावच्या शिवारात त्यांची मोसंबीची बाग. थकल्या जिवाला मोसंबीचा रस द्यावा, हे त्या घरात कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं. पोर सुकत चालली, तशी दैवशाला रोज फळं पिळायची. अक्षता गटागटा प्यायची, अजून मागायची, आणि ग्लास रिकामा होताना बघून आईचं काळीज भरून यायचं. शेवटी शेवटी पोरीच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास यायला लागला. तिला वाटलं, रसाचाच असेल. कुशीत घेऊन तिनं तो वास घेतलाही होता.

मग इथं डॉक्टर म्हणाले, साखर पाचशेच्या वर आहे. तेव्हापासून ती पोरीच्या ओठांना बोळा लावत होती, पण तिच्या अंगावरून हात फिरवत नव्हती. आणि भागवत कालपासून खोलीत आला नव्हता. बाहेर खिडकीकडं पाठ करून उभा होता. नवऱ्याचा राग तिला त्या पाठीवर वाचता येत होता.

दुपारी महजबीननं नवी बाटली आणली.

"साखर उतरली, ताई. आता सलाईनमधून ग्लुकोज देऊ."

"ग्लुकोज म्हंजे?"

"साखरच म्हणा ना."

दैवशालानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"न्हाई! नका लावू. मीच पाजली तिला साखर. रोज रस पाजला, सिस्टर, पेला पेला भरून. डॉक्टरला खोटं बोलले मी."

महजबीननं हात सोडवून घेतला नाही.

"माझ्याकडं बघा. रसानं साखर वाढली, ते खरंय. पण आजार रसानं न्हाई झाला. पोटात इन्सुलिन बनतं, ते बनायचं बंद झालं. मग खाल्लेली साखर रक्तातच पडून राहते, अंगी लागत न्हाई. अंग उपाशी. ते मग स्वतःचीच चरबी जाळतं, आणि त्याचं आम्ल रक्तात साचतं. हा श्वास, तो तोंडाचा वास, सगळं त्याचंच."

"मंग आता साखर कशाला?"

"आम्ल अजून गेलं न्हाई. ते जाईपर्यंत इन्सुलिन चालूच ठेवायचं. आणि त्यानं साखर फार खाली जाऊ नये, म्हणून ही बाटली. साखर तिची वैरी न्हाई, ताई. फक्त इथून पुढं ती इन्सुलिनचं बोट धरून येणार."

"रस दिलाच नसता तर?"

"तरी तुम्ही इथंच आल्या असत्या. डॉक्टरांना रसाचं मी सांगते. त्यांना माहीत पाहिजे, बस."

मनगट सुटलं. सिस्टरच्या गोऱ्या कातडीवर चार बोटं उमटली होती. बाटली लागली, थेंब पडायला लागले. दैवशालानं एकेक थेंब डोळ्यांनी पोरीच्या हातापर्यंत पोचवला, आणि मग कालपासून पहिल्यांदा तिच्या केसांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वास शांत झाला होता. रक्तातलं आम्लही गेलं, असं डॉक्टर सांगून गेले. महजबीननं दंडाला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं, कसं द्यायचं ते दैवशालाला दाखवलं, आणि खिचडीची वाटी पुढं सरकवली.

"आता खुशाल खाऊ द्या."

"माय, जल्दी दे ना," अक्षता म्हणाली.

दैवशालानं घास कालवला, तोंडाशी नेला, आणि थांबली. "आलेच," म्हणून ती बाहेर गेली.

भागवत खिडकीशीच होता. पावलं ओळखून, मागं न बघता तो बोलला.

"झाडावरची मोठी मोठी फळं मीच निवडून आणत होतो तिच्यासाठी. व्यापाऱ्याला हात लावू देत नव्हतो. तू डॉक्टरांपुढं रसाचं काही बोलू नको. माझ्यावर राहू दे."

दैवशाला त्या पाठीकडं बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "टाकी काठोकाठ भरलेली असते, अन् ठिबकची नळी चोंदलेली असते. झाड वाळतं. त्यात पाण्याचा काय दोष?"

तो वळला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"खरं?"

"सिस्टरनं समजावून सांगितलं. चला, खिचडी निवून राह्यली. पहिला घास तुम्ही भरवा."

भागवतनं आपल्या तळहातांकडं पाहिलं.

"हात धुऊन येतो," तो म्हणाला.

वऱ्हांड्यातला नळ बराच वेळ वाहत राहिला. दैवशाला दाराशी उभी होती. तिनं त्याला घाई केली नाही.