पाठ झालेले असत्य

सुज्ञ वाचकहो, एका मुलीने दयेपोटी उच्चारलेले असत्य तिच्या जन्मदात्याच्या जखमी मेंदूत कसे रुजले, आणि ते उपटताना उभयतांच्या जिवाची कशी कालवाकालव झाली, ती हकिगत येथे यथामती निवेदन करतो.

ट्रकने धडक दिली तेव्हा स्कूटरवर मुलीचा बाप, पेशाने रंगारी, आणि त्याची पत्नी असे दोघेही होते. पत्नी जागीच गतप्राण झाली. रंगारी महिन्याने शुद्धीवर आला; परंतु मेंदूला असा मार बसला होता की जुने सारे लख्ख आठवे आणि नवे चाळणीतल्या पाण्यासारखे गळून जाई. कोणत्या भिंतीला रंगाचे किती हात लागतात हे तो झोपेतही सांगे. सकाळी काय खाल्ले ते दुपारी ठाऊक नसे.

"तुझी आई कुठाय गं?" हा त्याचा पहिला प्रश्न. त्याची तोळामासा प्रकृती पाहून मुलगी म्हणाली, "मावशीकडे गेलीय, बाबा." मग तेच उत्तर दिवसातून दहादा, सहा महिने.

इस्पितळात स्मरणशक्तीचे धडे देणाऱ्या एक बाई होत्या. त्याच्या ध्यानात त्यांचे नाव टिकेना, वार टिकेना. एके दिवशी त्यांनी सहज विचारले, "घरी कोण कोण असतं?"

"मी अन् पोरगी. बायको बसलीय बहिणीकडे! तिथं काय पंचपक्वान्नं वाढतात कोण जाणे. नवरा डोकं फोडून पडलाय, पण ही फिरकेल तर शपथ! चौतीस वर्षांचा संसार, अन् अशी निघाली."

बाईंनी मुलीकडे पाहिले. "हे कोणी शिकवलं?"

"मी."

"अपघातानंतर त्यांना पाठ झालेली ही पहिली गोष्ट."

ज्या आईने आयुष्यभर नवऱ्याआधी घास घेतला नाही, तिच्या माथी आता हा कलंक! त्याच संध्याकाळी मुलीने खरे सांगितले. रंगारी ओक्साबोक्शी रडला. सकाळी उठून म्हणाला, "आल्या का महाराणी?"

इस्पितळात हे ऐकून बाई म्हणाल्या, "जसं खोटं शिकवलंत तसंच खरं शिकवा. रोज, त्याच शब्दांत, त्यांनी विचारायच्या आधी."

"रोज रडतील हो ते."

"रडतील."

मग रोज चहाबरोबर ती सांगे, "बाबा, आई अपघातात गेली. ती तुम्हाला टाकून गेली नव्हती." आणि रोज त्या माणसाची बायको नव्याने मरे. कप तसाच निवून जाई. असे दोन महिने लोटले.

एके सकाळी तिने तोंड उघडण्याआधीच त्याने हात वर केला.

"आज नको सांगूस. गेली ना ती? ठाऊक आहे मला."

मुलीने हातातला कप खाली ठेवला.

"मावशीकडे नव्हतीच ती," तो हळूच म्हणाला. "टाकलं नव्हतं मला." मग तिच्याकडे निरखून पाहत, "अन् तू गं? तू रडलीस का आईसाठी?"

इतक्या महिन्यांत हे तिला कोणीच विचारले नव्हते. ती तिथेच जमिनीवर बसली, बापाच्या गुडघ्यावर डोके टेकले, आणि पोटभर रडली.

आपण आपला बहुमोल वेळ खर्चून ही कथा वाचलीत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
तात्या रंगवाले