जांभळीचं तळं

तळ्याचं नाव जांभळीचं तळं आणि काठावर जांभळीचं एक झाड नाही. सुरगाण्याच्या पुढचं हे गाव. काठावर लावायला वनखात्याकडून रोपं मिळणार होती. मनोज म्हणत होता, नीलगिरी मागू, पटकन वाढते, विकता येते. जांभळीसाठी अडून बसल्या होत्या त्या एकट्या त्याच्या आई, मंगलाबाई. "नाव काय उगाच पडलं?" यापलीकडे त्यांच्याकडे पुरावा नव्हता. गावसभेत लोक हसले.

पुरावा शोधणं हे माझं काम. मी नाशिकला वनस्पतिशास्त्र शिकवते आणि तळ्यांच्या गाळातले जुने परागकण तपासते. झाड मरतं, पण त्याचे कण गाळात हजारो वर्षं टिकतात. ज्या थरात ज्या झाडाचे कण, ते झाड त्या काळी आसपास होतं.

उन्हाळ्यात आम्ही तळ्यात लांब नळी ठोकून गाळ काढला, नळी उभी चिरून काठावर ठेवली आणि जेवायला बसलो.

प्रयोगशाळेत खालच्या थरात जांभळीचे कण दिसले तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. मग त्याच काचेवर काटेरी गोल कण दिसले. झेंडू! दोन हजार वर्षांच्या गाळात झेंडू? हे फूल तर आपल्याकडे काही शतकांपूर्वी बाहेरून आलं. म्हणजे गाळात काहीतरी मिसळलं होतं, आणि आता त्या जांभळीवर तरी कोण विश्वास ठेवणार? माझं डोकं फिरलं. तशीच गाडी काढली.

"झेंडू कुठून आला?" मी मंगलाबाईंच्या दारातूनच विचारलं.

"मीच वाह्यला," मंगलाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी भाकर खात व्हते तवा. तळ्याच्या पोटातून एवढं निघालं, त्याला हळदकुंकू नको? फूल नको?"

बाईंनी नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मनोभावे पूजा केली होती. आपलाच पुरावा आपल्याच हातानं बाद झाला, हे समजावून सांगितलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. मला त्यांचा राग यायचा तो राहूनच गेला.

आईकडे बघून मनोज उठला. "उद्या परत काढू, मॅडम. नळी मी ठोकतो."

या खेपेला मंगलाबाई पदरात हात गुंडाळून लांब बसून राहिल्या. पूजेशिवाय गाळ गाडीत चढला तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

नव्या गाळात झेंडूचा कण नव्हता. जांभूळ मात्र तळापासून भरपूर होती, आणि अगदी वरच्या थरांत विरळ होत संपली होती. गावसभेत मी हे सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. जांभळीची रोपं मागायला मनोजनंच हात वर केला. मला फार बरं वाटलं.

पावसाळ्यात रोपं लागली. "फळ कधी धरंल?" मनोजनं विचारलं.

"आठ-दहा वर्षं तरी," मी म्हटलं आणि जीभ चावली. मंगलाबाई सत्तरीच्या.

त्यांनी रोपाभोवतीची माती पायानं दाबली. "मग काय," त्या म्हणाल्या, "तवर कोण मरतंय!"