उलटी बाही

झुलाल शिंप्याची आई गेली १९३९च्या फाल्गुनात. वर्षाच्या आत घरात लग्न झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून थोरल्या लेकीचं, प्रमिलाचं लग्न मार्गशीर्षातच उरकायचं ठरलं. व्याही पिंपळनेरचा चुडामण, तोही शिंपीच. त्याचं मागणं एकच होतं, नवरदेवाला कॉर्डरायचा कोट.

उभ्या धारींचं, लवदार, घोंगडीसारखं जड विलायती कापड ते. झुलालच्या गावात, चोपड्याला, ते मिळेना. जळगावच्या दुकानदारानं ताग्याचं शेवटचं टोक पुढे टाकलं. लढाई लागलेली, नवा माल येणार नव्हता. घरी बेतायला घेतलं तर एक बाही बसेना.

"कापड कमी शे," बायको मंजुळाबाई म्हणाली. "याहीले सांगी द्या."

"झुलालना कात्रीले कधी कापड कमी पडनं का वं?"

त्यानं टोक फिरवलं आणि डावी बाही उलटी बेतली. साऱ्या कोटाची लव खाली, तेवढ्या बाहीची वर. दुकानातल्या अंधारात काही दिसत नव्हतं. झुलालनं मनाची समजूत घातली.

मांडवात ऊन आलं आणि ती बाही काळपट दिसू लागली. चुडामण उठला. त्यानं पोराच्या छातीवरून तळवा फिरवला, मग बाहीवरून.

"बाही उलटी शे, याही. पोर तरी सुलटी दिन्ही ना?"

मांडव हसला. प्रमिलानं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गल्लीतल्या साऱ्या लेकी माहेरी आल्या. प्रमिला आली नाही. निरोप आला, "बाही बदली द्या, मंग पोरले धाडसूत." झुलालनं जळगाव पालथं घातलं, धुळं पालथं घातलं. तसलं कापड वीतभर मिळालं नाही. मंजुळाबाई दर आखाजीला निंबाला झोका बांधायची आणि रिकामाच सोडायची. अशा चार आखाज्या गेल्या.

मग सांगावा आला, लवकर निघा. झुलाल पिंपळनेरला पोचला तेव्हा दारात माणसं जमली होती. चुडामण ओट्यावर बसला होता. अंगात पोराचा तोच कोट.

"थंडी फार शे औंदा," तो म्हणाला.

रोज घालून घालून कोटाची लव उडाली होती. दोन्ही बाह्यांचा रंग एकच झाला होता.

प्रमिला बाळंतपणात गेली, १९४४च्या पौषात. मंजुळाबाई त्याच साली गेली, आखाजीच्या आदल्या दिवशी.